वाशी खाडीपुलावर अडकलेली लोकल आणि दया नसलेली यंत्रं: प्रवासी सुटणार कसे?

कांदळवन

नमस्कार मंडळी. एक विज्ञानकथा लिहिते आहे. पूर्वार्ध कागदावर उतरला आहे. उत्तरार्धाला हात घालण्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण इथे रेल्वेत हयात घालवलेले, भौतिकशास्त्र शिकवणारे आणि भरपूर वाचणारे असे सगळेच आहेत.

प्रसंग असा. पावसाळ्यातली अमावास्येची रात्र, खाडीला मोठी भरती. उशिराची पनवेल लोकल मानखुर्द सोडून पुलावर येते आणि मधोमध थांबते. पुढे वाशीच्या बाजूला रूळच उरलेले नाहीत. आकाशातून उतरलेली यंत्रं ते उचकटताहेत आणि त्याच लोखंडातून स्वतःसारखी आणखी यंत्रं बांधताहेत. (स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचा विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने १९४० च्या दशकातच मांडला होता, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नाही.) मागे मानखुर्दच्या बाजूला सगळं शाबूत आहे, पण रुळांवर यंत्रं रांगेने बसली आहेत आणि कुणालाही जाऊ देत नाहीत. ती बाजू त्यांनी का राखली, हे मला अजून ठरवायचं आहे.

यंत्रं डब्यातल्या स्पीकरमधून बोलतात. माणसांची भाषा त्यांनी रेल्वेच्या घोषणांवरून उचलली आहे, त्यामुळे शब्दही तेवढेच. "कृपया लक्ष द्या. पुढील डबा. उतरा." पहिला डबा रिकामा झाला की त्याचे तुकडे होतात आणि स्पीकर सांगतो, "ही अकरा डब्यांची लोकल आहे." थोड्या वेळाने, "ही दहा डब्यांची लोकल आहे." साध्या लोकलमध्ये एका डब्यातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे प्रत्येक वेळी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी भर पावसात खडीवर उतरायचं, चाचपडत मागच्या डब्यापर्यंत जायचं आणि फलाट नसताना वर चढायचं.

या यंत्रांचा माणसांवर राग नाही. डब्यात माणसं राहिली तर लोखंड वेगळं करायला जास्त कष्ट पडतात, म्हणून ती आधी उतरायला सांगतात. एवढंच. कुणी नाही उतरलं, तर ते जास्तीचे कष्ट घ्यायची त्यांची तयारी आहे.

दोन शेवट मला नको आहेत. कुणीतरी उलटसुलट कोडं घालतो आणि यंत्राच्या डोक्यातून धूर निघतो, तो एक. लहान मूल रडतं आणि यंत्राला पाझर फुटतो, तो दुसरा. दोन्हींत प्रवाशांना काही करावंच लागत नाही. मला सुटका त्यांनी मिळवलेली हवी आहे. चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवायचा विचार आहे, म्हणून विज्ञानातही ढिलाई नको.

उल्का

प्रसंग फार आवडला. घोषणा वाचताना काटा आला अंगावर.

ही यंत्रं निर्दय का, याला भौतिकशास्त्रात चांगलं कारण आहे, ते कथेत आणा. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर. तिथून आलेल्या यंत्राने "इथे सजीव आहेत, काय करू?" असं घरी विचारलं, तर उत्तर यायला साडेआठ वर्षं लागतील. मग बनवणारे काय करतील? सगळ्या आज्ञा आधीच भरून पाठवतील आणि मध्ये कुणाला विचारायची सोय ठेवणार नाहीत. आपणही हेच करतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम चंद्रावर उतरलं तेव्हा शेवटची सुमारे १९ मिनिटं सगळे निर्णय त्याचे त्याने घेतले. आपण नुसते पडद्याकडे बघत होतो. तिथे खाली कुणी राहत असतं, तरी विक्रमने त्याची विचारपूस केली नसती. तशी सूचनाच त्यात नव्हती.

म्हणून दयेची याचना फुकट जाते. दया दाखवू शकणारे कोण असतील ते चार प्रकाशवर्षांवर आहेत. पुलावर फक्त त्यांच्या आज्ञांची यादी आलेली आहे.

आता दुसरं, आणि हे तुमच्या उपयोगाचं आहे. एवढा प्रवास करून आलेलं यंत्र उपाशी असणार. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने येणाऱ्या एक किलो वस्तुमानात ४५० लाख कोटी ज्यूल गतिज ऊर्जा असते. आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत साडेबारा कोटी युनिट, फक्त एका किलोमागे! थांबायचं म्हणजे हे सगळं कुठेतरी झटकून टाकायचं. त्यातच त्याची शिदोरी संपली असं धरा. वर पावसाळी रात्र, ऊनही नाही. खाडीत उतरल्यावर पहिली गरज विजेची.

पॉइंट्समन

मग मानखुर्दची बाजू का राखली याचं उत्तर मिळालं की ताई. आपल्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. वाशीची बाजू तोडली तरी मानखुर्दकडून पुरवठा चालू राहतो. त्या वायरीवर त्यांचं सगळं काम चाललंय. वायर जिथून येते ती बाजू कोण तोडेल?

मी ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विजेच्या खात्यात, नोकरी केली आहे. एक कळकळीने सांगतो, कथेतल्या कुठल्याही तरुणाला टपावर चढवून वायरीला काही टाकायला लावू नका. त्या वायरीपासून दोन मीटरच्या आत यायचं नाही हा नियम आहे. हात लागावा लागत नाही. पोरं वाचतात आणि करून बघतात. आणि त्याची गरजही नाही. वीज बंद करायची तर ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलला फोन जायचा. तिथला कंट्रोलर त्याच्या जागेवरून सबस्टेशनचा ब्रेकर उघडतो. यंत्राच्या हातात नसलेली ही एकमेव गोष्ट, आणि ती मैलोगणती लांब एका खोलीत बसलेल्या माणसाच्या हातात आहे.

आणखी एक. पहिला डबा तुटला की ब्रेकपाइप फुटणार, हवा जाणार, सगळ्या गाडीचे ब्रेक लागणार. गाडी मागे घ्यायची असेल तर कुणीतरी खाली उतरून तुटलेल्या टोकाचा कॉक, म्हणजे हवेची तोटी, बंद करायला हवा. मोटरमनने मागच्या कॅबमध्ये जायचं. तिकडच्या टोकाला कॅब असतेच, गाडी तिथून चालवता येते.

बेरीज

पॉइंट्समन काका, तुमच्यामुळे कथेला कणा मिळाला. पण वीज बंद करायची नाही, निदान लगेच नाही. एकदा बंद केली की प्रवाशांच्या हातात काही उरलं नाही. यंत्रं उरल्यासुरल्या ताकदीवर गाडी तोडतील, नाहीतर सकाळच्या उन्हाची वाट बघतील. धमकीचा उपयोग ती वापरली जाईपर्यंतच असतो. थॉमस शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच पेचप्रसंगांच्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं असं की समोरच्याला तुमची धमकी खरी वाटायला हवी असेल, तर माघारीचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद करायचा.

इथे ते कसं करायचं? लोकलमध्ये मोटरमनचा हात हँडलवरून निघाला की गाडीला आपोआप ब्रेक लागतात ना, नेमकी तीच रचना फोनवर करायची. दर दहा मिनिटांनी मोटरमनने कंट्रोलरला फोन करायचा. फोन आला नाही की कंट्रोलरने वीज तोडायची, कुणालाही न विचारता. यंत्रांनी मोटरमनला मारलं, वीज गेली. मोबाइलचे सिग्नल बंद पाडले, तरी वीज गेली. प्रवाशांना काहीच करावं लागत नाही, गप्प राहणं हीच धमकी. हे यंत्राला समजेल, कारण यात भावना नाही, हिशेब आहे.

तिसरी घंटा

रचना देखणी आहे, पण मी नाटकवाला, मला लगेच त्यातली फट दिसते. जे यंत्र घोषणांवरून भाषा शिकलं, ते मोटरमनचा आवाज शिकणार नाही? चारपाच फोन ऐकले की ते हुबेहूब त्याच्या आवाजात बोलेल, "सर, सगळं ठीक आहे, वीज चालू ठेवा." मोटरमन तोवर खाडीत. कंट्रोलरला पत्ताही लागणार नाही. कांदळवन, हा प्रवेश लिहाच. कथेतला सर्वांत भीतिदायक क्षण हा आहे.

कांदळवन

तिसरी घंटा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप उडाली. सकाळी उत्तर सापडलं.

कंट्रोलर आणि मोटरमन जुने ओळखीचे आहेत. आवाजावर कंट्रोलर विश्वासच ठेवत नाही. दर फोनला तो एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर त्या दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. "कुर्ल्याला आपण पहिल्यांदा भांडलो ते कशावरून?" "माझ्या मुलीच्या लग्नात तू जेवायला का थांबला नाहीस?" यंत्र आवाज चोरू शकतं. वीस वर्षांचा सहवास चोरायला त्याला तेव्हा तिथे असावं लागेल.

आणि प्रत्येक प्रश्न एकदाच वापरता येतो. विचारला, उत्तर दिलं की यंत्राने ऐकलं, तो प्रश्न बाद. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४९ साली सिद्ध केलं होतं की पूर्ण यदृच्छ (कसलाही ठरावीक क्रम नसलेली), संदेशाएवढी लांब आणि एकदाच वापरून टाकून दिलेली गुप्त किल्ली असेल, तर संदेश कुणालाही फोडता येत नाही. आठवणी तितक्या काटेकोर नसतात, पण तत्त्व तेच. प्रवासी किती वेळ टिकाव धरतील हे या दोघांची ओळख किती खोल आहे त्यावर ठरेल.

बेरीज

हे फारच सुंदर जमलं आहे. आता याला सुटकेचा सौदा जोडू या. यंत्र विचार करेल की गाडी सोडली की हे वीज तोडणार, मग सोडू कशाला? प्रवासी म्हणतील, वीज आधी दिली तर सोडणार कशावरून? दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. अशा वेळी सौदा हप्त्यांनी करतात. दहा मिनिटं वीज, त्या बदल्यात गाडी एका डब्याच्या लांबीएवढी मागे. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा एक डबा. कुणी शब्द मोडला तरी दुसऱ्याचं नुकसान एका हप्त्यापुरतंच.

लोकलचा डबा साधारण वीस मीटरचा. मानखुर्दच्या काठापर्यंत नऊशे मीटर धरले तर ४५ हप्ते, म्हणजे साडेसात तास. काठ नेमका कुठे येतो हे पावसात दोघांनाही नक्की कळू नये, एवढी काळजी घ्या. शेवटचा हप्ता कुठला हे आधी ठाऊक असलं की शब्द पाळायचं कारण तिथेच संपतं.

मधलीसुट्टी

४५ हप्ते म्हणजे ४५ प्रश्न. दोन माणसांकडे इतक्या गोष्टी असतील? मला वाटतं वीसबावीसला ते अडखळतील. आणि तिथूनच गोष्ट मोटरमनच्या हातून निघून गाडीच्या हाती येईल.

कंट्रोलरने प्रवाशांच्या घरच्यांना फोनवर घ्यावं. लगेजच्या डब्यातली मासेवाली, तिला तिची सून विचारेल. फर्स्ट क्लासमधल्या बाईंना त्यांची बहीण विचारेल. दर दहा मिनिटांनी नवा प्रवासी, नवा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरावर सगळी गाडी. आत्तापर्यंत यंत्र ज्यांना डब्यातला अडथळा समजत होतं, त्यांतला एकेक जण वीस वीस मीटर जिंकून देतो आहे.

हे मुंबईत खोटं वाटणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, त्या रात्री आमच्या शाळेत परकी माणसं झोपली होती आणि आजूबाजूच्या चाळींतून त्यांच्यासाठी पोळ्या आल्या होत्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजारावर माणसं होती तिच्यात, गरोदर बायका होत्या. बोटींनी सगळ्यांना बाहेर काढलं. अडकल्यावर माणसं काय करतात हे आपण पाहिलेलं आहे. कथेत प्रवाशांना एकमेकांच्या उरावर बसवू नका, ही विनंती.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. त्या डब्यात एखादा मुलगा असेल, परवाच कामासाठी मुंबईत आलेला. फोन करायला कुणी नाही, किंवा घरी फोनच नाही. त्याची पाळी आली तर त्याला कोण विचारणार?

रात्रपाळी

मधलीसुट्टी ताई, त्या मुलाला शेजारी बसलेल्यानेच विचारावं. चारपाच तास ते एकत्र भिजले आहेत, खडीवरून एकमेकांना धरून चालले आहेत. तेवढ्यात एक तरी गोष्ट अशी झाली असेल जी यंत्राच्या कानावर पडली नाही. हातात हात घेऊन जिना नसलेल्या डब्यात वर ओढणं हे ऐकू येत नाही. आधी मोटरमनच्या पाळीत शेजारच्याने कंट्रोलरला कागदावर लिहून फोटो पाठवायचा की काय, ते तुम्ही ठरवा. पण त्या मुलाची ओळख त्या रात्रीतच तयार झालेली असावी.

मी नर्स आहे, माझ्या बाजूने थोडं सांगते. इतका वेळ भिजलेली, घाबरलेली माणसं साध्या गोष्टी विसरतात. मुलाच्या जन्माचं वर्ष आठवत नाही. मधुमेही असेल आणि साखर उतरली तर जीभ जड होते, बोलणं बरळल्यासारखं होतं. म्हणून कोण कधी बोलणार हे ठरवणारी एक बाई डब्यात हवी, जी चेहरे बघून सांगेल की या काकांना आत्ता नको, आधी त्यांना बिस्किट द्या.

आणि एक आजोबा घाला. स्मृतिभ्रंश झालेले. त्यांना चुकून फोन दिला जातो. मुलगी विचारते, "बाबा, मी कोण?" ते तिला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात, उत्तर साफ चुकतं. आणि मुलगी कंट्रोलरला सांगते की हे माझेच बाबा आहेत, ते मला रोज याच नावाने हाक मारतात. यंत्र असतं तर त्याने बरोबर उत्तर दिलं असतं. माझ्या वॉर्डात असे पेशंट असतात. त्यांचं चुकणंही त्यांचं स्वतःचं असतं, घरच्यांना ते ओळखू येतं.

उल्का

रात्रपाळी, यावर काय लिहावं कळत नाही. हा प्रसंग कथेचा मध्य आहे असं माझं मत.

त्याच जागी कंट्रोलरही मोठा होतो. कारण नियमाने त्याने वीज तोडायला हवी, उत्तर चुकलं आहे. तो तोडत नाही. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत संघाच्या इशारा यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा आहे असं वरिष्ठांना कळवलं. फक्त पाचच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करेल, हा त्याचा विचार होता. तो बरोबर निघाला. यंत्राकडे यादी असते. पेत्रोवकडेही होती, आणि ती बाजूला ठेवायची मुभा त्याने स्वतःला दिली. तुमच्या कथेत पुलावर आणि कंट्रोल रूममध्ये फरक आहे तो एवढाच.

तिसरी घंटा

मान्य, पण मला अजून एक टोचतं आहे. गाडी सुटेल, यंत्रं कुठे जातील? त्यांची लोखंडाची भूक तशीच आहे. हार्बरच्या रुळांनी उलट गेलं की रे रोडला दारुखाना, जिथे जुनी जहाजं तोडतात. लोखंडाचे डोंगर, आणि तिथे राबणारी, तिथेच राहणारी माणसं. लोकल वाचवून ती संकटात पडली तर वाचक विचारेलच. कथेने याकडे पाठ फिरवू नये.

कांदळवन

पाठ फिरवणार नाही. ते साडेसात तास त्याचसाठी वापरते. गाडी इंच इंच मागे येत असताना इकडे दारुखाना आणि रुळांलगतची वस्ती रिकामी केली जाते, आणि हे गाडीतल्यांना ठाऊक आहे. म्हणजे पहाटे कुणीतरी म्हणतं की आता थकलो, एकदम सुटायचा प्रयत्न करू, तेव्हा डब्यातून उत्तर येतं की अजून दोन तास काढायचे आहेत, तिकडे माणसं निघताहेत. मासेवालीचं कुणी तिकडे राहत असेल. तिनेच हे म्हणावं.

यंत्रं हरत नाहीत. त्यांचा हिशेब बदलतो. या पुलावर एक टन लोखंडामागे लागणारा वेळ परवडेनासा होतो आणि ती उठतात. पुढे काय, ते एका कथेत मावणार नाही आणि मी मावल्यासारखं दाखवणारही नाही.

आजोबांचा प्रसंग आणि त्या मुलाचा प्रसंग घेते आहे, रात्रपाळी ताई. मुलाच्या बाबतीत कागदाचा फोटो नको, शेजारची बाई स्वतःच कंट्रोलरला त्याची खात्री देईल आणि कंट्रोलर तिच्यावर विश्वास ठेवेल, कारण तिची पाळी आधी होऊन गेली आहे. ओळख अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाईल.

पॉइंट्समन

छान होतंय ताई. एक व्यवहाराची गोष्ट राहिली. लोकल रात्री साडेबाराच्या सुमारास अडकली धरली आणि वर साडेसात तास, म्हणजे सकाळचे आठ. तोवर कंट्रोलमध्ये शिफ्ट बदलते. नवा माणूस खुर्चीवर येणार, आणि त्याची मोटरमनशी ओळख नसेल. घोटाळा तिथे होईल.

जुन्या कंट्रोलरला खुर्ची सोडता येणार नाही, पण तो रात्रभर जागा आहे, त्याचाही भरवसा धरता येत नाही. तेव्हा नव्याने शेजारी बसावं आणि जुन्याने ओळख करून द्यावी. फोनवर, मोटरमनला ऐकू येईल अशी: "हा माझा माणूस, याच्याशी बोल." आम्ही चार्ज देताना असंच करायचो. तो प्रवेश लिहिलात की इथे टाका, रेल्वेची भाषा मी तपासून देतो.